चुलवणापासून हीट पंपापर्यंत : सणसरच्या ऊसपट्ट्यातील उष्णतेचा इतिहास

#थ्रेड

१/ इंदापूर तालुक्यातील सणसर परिसरात उसाच्या बिलातून नवे घर बांधणाऱ्या कुटुंबापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो : आंघोळीचे पाणी कशावर तापवायचे? बंब, गॅस गिझर, विजेचा गिझर, गच्चीवरचा सोलर आणि आता हीट पंप असे पर्याय समोर असतात. यांतील शेवटचे यंत्र सर्वांत नवे आणि परके वाटते. मात्र त्यामागील तत्त्व १८५० च्या दशकात प्रथम तपासले गेले ते गुऱ्हाळातील काहिलीशी नाते सांगणाऱ्या एका भांड्यावर. त्या तत्त्वाचा आणि या ऊसपट्ट्याचा संबंध उलगडणारा हा थ्रेड.

२/ प्रथम यंत्राविषयी. गिझर विजेपासून उष्णता निर्माण करतो. हीट पंप उष्णता निर्माण करत नाही. बाहेरच्या हवेत, जमिनीत किंवा पाण्यात असलेली उष्णता उचलून घरात आणतो. विहिरीवरची मोट पाणी तयार करत नाही, खोलवरचे पाणी वर काढते. तसाच हा प्रकार. उष्णता आपोआप उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तिला उलट दिशेने न्यायचे तर श्रम खर्च करावे लागतात, आणि ते श्रम येथे विजेवर चालणारा कॉम्प्रेसर करतो. घरातील फ्रिज नेमके हेच काम करतो. म्हणूनच त्याची मागची जाळी गरम लागते.

३/ थोडे गणित. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास सुमारे २.९ युनिट इतकी उष्णता लागते. गिझरला तेवढी सगळी वीज द्यावी लागते. हवा फार थंड नसेल तर हीट पंप १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता देतो. म्हणजे हेच पाणी जवळपास १ युनिटमध्ये तापते. उरलेली २ युनिटे हवेतून येतात. हवा जितकी थंड आणि पाणी जितके अधिक गरम हवे, तितका हा लाभ घटत जातो. डोंगर जितका उंच, तितके चढायला अधिक बळ लागते.

४/ आता या पट्ट्याकडे वळू. बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घनदाट जंगल येथे नव्हते. बाभळीच्या काटक्या, तुराट्या, शेताच्या बांधावरचे वाळके लाकूड आणि गोवऱ्या हेच येथील सरपण. ते गोळा करणे, वाहून आणणे, पावसाळ्यासाठी रचून ठेवणे आणि पहाटे उठून चूल पेटवणे ही कामे मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला आली. सरपणाच्या वाटणीत भाकरीचा मान पहिला. आंघोळीच्या पाण्याला उरलेला जाळ मिळे. म्हणून भाकरी झाल्यावर निखाऱ्यावर पाण्याचा हंडा ठेवण्याची रीत घरोघर होती.

५/ सरपणाचा हा तुटवडा वसाहतकालीन शासनाच्याही ध्यानात आला होता. हिंदुस्थानातील शेतीची पाहणी करण्यासाठी १८८९ मध्ये आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेणखत मातीत जाण्याऐवजी चुलीत जाते, कारण शेतकऱ्याला दुसरे सरपण मिळत नाही, हा त्यांच्या मांडणीचा महत्त्वाचा धागा होता. शेतकरी अडाणी म्हणून गोवऱ्या जाळतो, हा समज त्यांनी स्वीकारला नाही. सरपणासाठी राखीव क्षेत्रे निर्माण करावीत, असे त्यांनी सुचवले. घरातील जाळ आणि शेताचा कस यांचे नाते त्यातून स्पष्ट झाले.

६/ ऊन पाणी पूर्वी प्रतिष्ठेचेही चिन्ह होते. तापीकाठच्या बुऱ्हाणपूर किल्ल्यातील शाही हमाम मुघल राजघराण्यासाठी होता. पुण्याच्या शनिवारवाड्यातही हमामखाना होता. सामान्य घराला पुढे आधार मिळाला तो तांब्याच्या बंबाचा. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांच्या हातून असंख्य बंब घडले. बंबाची रचना विचारपूर्वक केलेली आहे : मधोमध उभी नळी, तिच्यात जाळ, तळाशी राखेची जाळी आणि चहूबाजूंनी पाणी. जाळ पाण्याने वेढलेला असल्यामुळे उघड्या चुलीपेक्षा उष्णता कमी वाया जाते. तरीही १०० लिटर पाण्याला दोन-अडीच किलो कोरडे लाकूड सहज लागते.

७/ १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खनची वाताहत केली. त्यानंतर दुष्काळनिवारणाचा उपाय म्हणून जी पाटबंधाऱ्यांची कामे पुढे रेटली गेली, त्यांत नीरा डावा कालवा प्रमुख होता. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाचे पाणी १८८० च्या दशकात या कालव्यातून बारामती-इंदापूरच्या माळरानावर पोहोचले. १९२० च्या दशकात भाटघरला अधिक मोठे धरण उभे राहिले. ज्वारी-बाजरीला संरक्षण देण्यासाठी आलेले हे पाणी हळूहळू उसाकडे वळले. आणि ऊस आला की गुऱ्हाळ आले. गुऱ्हाळ आले की जाळाची भूक आली.

८/ गुऱ्हाळ म्हणजे मुळात पाणी उडवण्याचा उद्योग. चरकातून निघालेल्या १०० किलो रसातून साधारण ८० किलो पाणी वाफेच्या रूपाने घालवावे, तेव्हा गुळाच्या ढेपा हाती येतात. चुलवणावर लोखंडी काहील, खाली वाळलेल्या चिपाडाचा अखंड जाळ, वर मळी काढणारे हात आणि रसाचा पाक नेमका ओळखणारा गुळव्या. आधी चरक लाकडी होते. पुढे लोखंडी आले. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत तयार होणाऱ्या मालात नांगरांबरोबर उसाचे चरकही होते. चरक सुधारला, रस वाढला, पण काहिलीवरची वाफ पूर्वीसारखीच आभाळात जात राहिली.

९/ या वाफेतच सारे मर्म आहे. १ किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत आणण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करण्यास मात्र आणखी सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ सातपट. ही सुप्त उष्णता वाफेसोबत निघून जाते. म्हणजे चुलवणात घातलेल्या चिपाडातील जी उष्णता रसाला मिळते, तिचा मोठा वाटा पुन्हा आकाशाला अर्पण होतो. ही गेलेली उष्णता परत कशी मिळवावी, हा एकोणिसाव्या शतकातील साखर आणि मीठ उद्योगांपुढील मोठा प्रश्न होता.

१०/ त्याचे पहिले मोठे उत्तर अमेरिकेतील लुइझियानातून आले. तेथील ऊसमळ्यांत गुलाम मजूर उकळता रस एका उघड्या कढईतून दुसऱ्या कढईत पळ्यांनी ओतत. भाजण्याचे अपघात त्या कामाच्या सोबतीलाच असत. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ मध्ये जन्मलेले नॉर्बर्ट रिलियू हे गोरे वडील आणि मुक्त कृष्णवर्णीय आई यांचे पुत्र. पॅरिसमध्ये अभियांत्रिकी शिकून परतल्यावर त्यांनी १८४३ आणि १८४६ मध्ये नव्या बाष्पीभवन यंत्रांची पेटंटे मिळवली. मळेवाले त्यांचे यंत्र घेत. समाजात त्यांना बरोबरीचे स्थान मात्र देत नसत. अखेर ते फ्रान्सला परतले आणि १८९४ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

११/ रिलियू यांची युक्ती अशी : उघड्या कढयांऐवजी बंद भांडी एकापुढे एक मांडायची. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातील रस तापवण्यास वापरायची. दुसऱ्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवायचा, म्हणजे तेथील रस कमी तापमानालाच उकळतो. मग तिसरे भांडे, आणखी कमी दाब. एकदा दिलेली उष्णता अशा रीतीने दोनदा-तीनदा कामाला येते. उकळता रस हाताने ओतण्याची गरजही संपली. आजच्या प्रत्येक साखर कारखान्यातील इव्हॅपोरेटरच्या रांगेमागे हीच कल्पना उभी आहे.

१२/ याच सुमारास युरोपात उष्णतेचे शास्त्र आकार घेत होते. सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये वाफेच्या इंजिनाचा सैद्धांतिक विचार मांडला. उष्णता वरून खाली वाहताना काम करून घेता येते, तर काम खर्चून तिला खालून वर नेता येईल, हा त्यातूनच निघणारा निष्कर्ष. उष्ण कटिबंधातील राहत्या खोल्या थंड कशा कराव्यात यावर ब्रिटनमध्ये चर्चा चालू होती. खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी तसा प्रस्तावही मांडला होता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्ये दाखवून दिले की, असे यंत्र इमारत थंड करू शकते तसेच काटकसरीने उबदारही करू शकते. हीट पंपाच्या जन्मकथेत हिंदुस्थानसारख्या प्रदेशातील उकाड्याचाही वाटा आहे.

१३/ हा विचार यंत्रात उतरवण्याचा पहिला प्रयत्न ऑस्ट्रियातील पेटर फॉन रिटिंगर यांनी १८५० च्या दशकात एबेनझे येथील मिठाच्या कारखान्यात केला. खारे पाणी उकळायचे, निघालेली वाफ पाणचक्कीच्या जोरावर दाबायची, दाबामुळे तिचे तापमान वाढले की तीच वाफ पुन्हा त्याच पाण्याला उष्णता देण्यास वापरायची. लाकडाच्या जागी ओढ्याच्या पाण्याचे बळ! तत्त्व खरे ठरले, पण प्रत्यक्ष वापरात क्षारांची पपडी आणि इतर अडचणी आडव्या आल्या. इंधन वाचवण्याची धडपड हाच या यंत्राचा उगम होता, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते.

१४/ १८७७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बे गावातील मिठागरात पिकार आणि व्हायबेल या अभियंत्यांचे असे यंत्र यशस्वीरीत्या चालू लागले. त्याच १८७७ मध्ये दख्खनमध्ये हजारो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. एकीकडे वाफेचा कणही वाया जाऊ नये म्हणून यंत्र. दुसरीकडे माणसाच्या देहातील उरलेसुरले बळ अर्धपोटी मजुरीवर खर्ची. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांच्या तारखांनी सांगितला की ही दुसरी बाजू नजरेआड होते. शोध कोठे लागला याइतकेच, तो कोणाच्या दारापर्यंत केव्हा पोहोचला हेही इतिहासाला विचारावे लागते.

१५/ सणसरच्या शिवारापर्यंत तो पोहोचला साखर कारखान्याच्या रूपाने. १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतर देशात कारखान्यांची लाट आली. इंदापूर तालुक्यातच वालचंद हिराचंद यांनी कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसले. पुढे तेथे साखर कारखान्यांची यंत्रेही बनू लागली. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि सहकाराची वाट रुळली. सणसरलगतच्या भवानीनगरात श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्या शेतकऱ्याच्या चुलवणावरची वाफ आभाळात जात होती, तोच आता वाफ पुन:पुन्हा वापरणाऱ्या कारखान्याचा सभासद झाला.

१६/ कारखान्याने उष्णतेची काटकसर साधली. घराने मात्र ती फार काळ पाहिली नाही. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांसाठी सुरू झाले. १९६० मध्ये राज्य विद्युत मंडळ आणि १९६२ मध्ये कोयनेची वीज आल्यावर गावोगाव तारा पोहोचू लागल्या. ती वीज प्रथम मोटारींना आणि दिव्यांना मिळाली. पाणी तापवण्याइतकी वीज घरात वापरणे परवडणारे नव्हते. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेने गॅस अनेक स्वयंपाकघरांत नेला, तरी परसदारी आंघोळीच्या पाण्याची चूल बऱ्याच घरांत धुमसतच राहिली. महागडा सिलिंडर पाण्यावर कोण खर्च करणार?

१७/ युरोपातही हीट पंप घरात यायला वेळ लागला. स्कॉटलंडमध्ये ग्रेम हॅल्डेन यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्याच घरात असे यंत्र बसवून १९३० मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. १९३८ मध्ये झुरिकचे नगरगृह लिमात नदीच्या पाण्यातील उष्णतेवर उबदार होऊ लागले. इंग्लंडातील नॉर्विच येथे जॉन समनर यांनी १९४५ मध्ये, युद्धकालीन टंचाईत, जुन्या सुट्या भागांतून हीट पंप जुळवला आणि पुढे स्वतःच्या घरातही बसवला. कोळसा नसलेला स्वित्झर्लंड, युद्धाने गांजलेले इंग्लंड, १९७३ च्या तेलसंकटानंतरचे पाश्चात्त्य जग : इंधन अडले की या यंत्राची आठवण होते.

१८/ दरम्यान या पट्ट्यातील घरही बदलले. जाड मातीच्या भिंती आणि माळवद असलेले घर उन्हाळ्यात सावकाश तापे आणि हिवाळ्यात सावकाश निवे. त्याच्या जागी आधी पत्रा आणि कौले, मग सिमेंटचा स्लॅब आला. स्लॅबचे घर पक्के झाले, पण मे महिन्यात ते रात्रीही भट्टीसारखे धगधगते. म्हणून येथे खोल्या उबदार करण्याची गरज नाही. गरज आहे हिवाळ्यात ऊन पाण्याची आणि उन्हाळ्यात गारव्याची. केल्विन यांनी एकाच यंत्रात पाहिलेल्या या दोन बाजू. पाणी तापवणारा हीट पंप ज्या हवेतून उष्णता घेतो, ती हवा थंड होऊनच बाहेर पडते.

१९/ या गरजेवर महाराष्ट्राने आधी निवडलेले उत्तर म्हणजे सोलर. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या महाऊर्जेने त्याला चालना दिली आणि पुणे परिसरात सौर बंबांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. कडक ऊन, मोकळी गच्ची आणि चार-पाच माणसांचे कुटुंब असेल तर सोलर आजही स्वस्त आणि पुरेसा ठरतो. हीट पंपाचे पारडे जड होते ते जेथे पाणी पुष्कळ आणि ढगाळ दिवसांतही लागते तेथे : वसतिगृह, रुग्णालय, हॉटेल, मोठे एकत्र कुटुंब. बारामती-इंदापूरच्या दूधव्यवसायात तर एकीकडे दूध थंड करावे लागते आणि दुसरीकडे भांडी धुण्यास ऊन पाणी लागते. दुधातून काढलेली उष्णता पाण्याला देता येते.

२०/ स्वतः घर बांधणाऱ्याने हीट पंप निवडलाच, तर जुने प्रश्न नव्या रूपात भेटतात. कालव्याखालील काही जमिनी अतिपाण्याने चिबड आणि खारवट झाल्या, हा या पट्ट्याचा परिचित इतिहास. बोअरचे पाणीही अनेक ठिकाणी जड. असे पाणी तापले की नळ्यांत क्षारांची पपडी धरते आणि उष्णता पुढे जात नाही. रिटिंगर यांना छळणारी आणि कारखान्यातील इव्हॅपोरेटर वरचेवर साफ करायला लावणारी हीच ती पपडी. म्हणून पाण्याची तपासणी आधी, यंत्राची खरेदी नंतर. टाकीला चांगले उष्णतारोधक आवरण, गरम पाण्याच्या नळ्यांची कमीत कमी लांबी, यंत्राभोवती मोकळी हवा आणि विजेच्या दाबातील चढउतारापासून संरक्षण या बाबी बांधकामाच्या आराखड्यातच ठरवाव्या लागतात. भिंती उभ्या राहिल्यावर त्या महाग पडतात.

२१/ आणि चिपाड? ते अजूनही जळतेच. महाराष्ट्रातील अनेक साखर कारखाने चिपाड जाळून वाफ करतात, त्या वाफेवर साखर आणि वीज दोन्ही तयार करतात आणि जादा वीज ग्रीडला देतात. गाळप हंगाम नेमका हिवाळ्यात, म्हणजे ऊन पाण्याची मागणी सर्वाधिक असते तेव्हा. चुलवणात जाळले जाणारे चिपाड विजेच्या तारेतून घरी येऊन, हवेतील उष्णतेची भर घेऊन, न्हाणीघरातील बादलीपर्यंत पोहोचू शकते. फरक एवढाच की, आता घरात धूर नाही आणि राख काढावी लागत नाही.

२२/ या इतिहासाचे मोल मात्र केवळ युनिटांत मोजता येत नाही. बंब पेटवायला पहाटे जी उठत होती, तिच्या वेळेची नोंद कोणत्याही जमाखर्चात नव्हती. म्हणून 'लाकूड फुकट मिळते, यंत्र कशाला?' हा हिशेब अपुरा आहे; लाकूड फुकट भासते, कारण ते आणणारीला मजुरी मिळत नाही. दुसऱ्या बाजूने, यंत्राची मोठी पहिली किंमत ऊस असलेल्या घराला पेलते. त्याच उसाच्या तोडणीसाठी पालात उतरणाऱ्या कुटुंबाला आजही तीन दगडांच्या चुलीवरच पाणी तापवावे लागते. रिलियू यांच्या यंत्राने उकळता रस ओतणारे हात वाचवले, पण गुलामी संपवली नाही. उष्णतेची काटकसर आणि श्रमांची कदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी माणसांनाच करावी लागते.

२३/ आपल्या गावातील जुने गुऱ्हाळ, अडगळीत पडलेला तांब्याचा बंब, कारखान्याच्या चिमणीची वाफ ही सारी इतिहासाची साधने आहेत. बंबावर घडवणाऱ्याचा ठसा असेल तर त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. घरातील आजीला सरपण कोठून आणि किती अंतरावरून आणत, हे विचारून लिहून ठेवावे. ही माहिती सरकारी दप्तरांत सहसा सापडत नाही आणि ती सांगणारी पिढी फार काळ सोबत राहणार नाही.

(समाप्त)

#इतिहास #सणसर #इंदापूर #ऊसपट्टा